विमानाचे टाक

बिघाड शोधण्याची एक रीत असते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलल्यावर तपासायची, आणि जे तपासलं नाही त्याबद्दल तोंड उघडायचं नाही. हवाई दलात रेडिओ फिटर म्हणून उमेदीची सगळी वर्षं घालवून मी एवढंच शिकलो. त्यामुळे काम चालू असताना कुणी "काय झालं असंल हो?" असं विचारलं की माझं टाळकं सरकतं. काय झालं असेल ते कळलं असतं तर मी विमानाखाली उताणा कशाला पडलो असतो?

त्या पावसाळ्यात हा प्रश्न मला रोज विचारला गेला, आणि विचारणारी सगळी माझ्याच मुलखातली माणसं होती. दुष्काळाचं तिसरं वर्ष होतं. श्रावण कोरडा गेला तेव्हा तीन सहकारी साखर कारखान्यांनी एकत्र येऊन आमच्या कंपनीचं विमान ठरवलं. लहानसं, दोन इंजिनांचं. पंखांखाली मिठाची नळकांडी लावायची, ढगाच्या पोटाखाली जाऊन ती पेटवायची, धूर वर ढगात शिरतो, आणि ढगाच्या मनात असेल तर तो पडतो. हवाई दलातून सुटल्यावर मी या कंपनीत लागलो होतो. विमान बीड जिल्ह्यात जाणार म्हटल्यावर साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "पंडित, तू तिकडचाच ना?" झालं, माझी बॅग भरली गेली.

धावपट्टी शिरूर कासारच्या अलीकडे, कारखान्याच्या माळावर. बऱ्या दिवसांत उसावर विमानानं औषध मारायची हौस आली होती, तेव्हा बांधलेली. पुढे ऊसच राहिला नाही, आणि त्या डांबरावर गावातले म्हातारे धुळाजीमामा शेळ्या बसवायला लागले. कारखान्यानं आता त्यांनाच राखणदार नेमलं, शेळ्या कुंपणाबाहेर काढायला लावल्या आणि धावपट्टीच्या कडेचे दगड रंगवायला पांढऱ्या ऑइलपेंटचा मोठा डबा त्यांच्या हातात दिला. मामांनी दगड असे रंगवले की दुपारी तिकडे बघवत नसे.

धावपट्टीपासून कोसभरावर माझ्या थोरल्या बहिणीचं सासर. बायडाबाई तिचं नाव, मी तिला आक्का म्हणतो. लग्न झाल्यापासून दर वर्षी दसरा झाला की ती आणि आमचे दाजी, शहादेव, ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तिकडे माणसं मोजतात. कधी सांगलीकडे, कधी कर्नाटकात. दोन वर्षांपूर्वी आक्कानं गावातल्या बायका गोळा करून दूध संस्था काढली. सहकारी, अगदी रीतसर. एक पत्र्याची खोली, एक काटा, दुधाचे कॅन आणि दारावर निळ्या अक्षरांत पाटी. पण दोन्ही वर्षं दसरा झाला, मुकादमाचा ट्रक आला, म्हशी बाजारात गेल्या आणि संस्थेला कुलूप लागलं. उन्हाळ्यात परत आल्या की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. यंदा आक्कानं हट्ट धरला होता की कुलूप लावायचं नाही. मुकादम दोनदा दारात येऊन गेला, तिनं त्याला चहा दिला आणि होकार मात्र दिला नाही.

सगळं गावामागच्या पाझर तलावावर अडलं होतं. विमान उतरलं त्या संध्याकाळी मी तिच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "एकच पाऊस, पंडित. लई मागत न्हाई मी. तळ्यात कंबरंइतकं पानी आलं तरी जनावरं शिमग्यापतूर निघत्यात. बायका गावात ऱ्हात्यात. मंग संस्था मोडत न्हाई."

"आक्का, विमान गेलं म्हंजी पाऊस पडतोच असं न्हाई," मी म्हणालो. घरी गेलो की माझीही जीभ गावाकडे वळते. "आधी ढग पाहिजे. मोकळ्या आभाळातून आमी काय काढणार?"

"ढगाचं देव बघंल. तू तुझं विमान तयार ठेव."

एवढंच तिनं मागितलं. खरं सांगायचं तर मला ते फार सोपं वाटलं. ढग माझ्या हातात नव्हते, विमान होतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यानं पूजा घातली. चेअरमन, भटजी, सनई, सगळं आलं. कॅप्टन गिल, आमचे पायलट, स्वभावानं तसे भले पण विमानाच्या बाबतीत कडक. त्यांनी दोरी बांधून लोकांना लांब उभं केलं आणि नारळ विमानापासून वीस पावलांवर फोडायला लावला. बायका दोरीच्या मागून बघत होत्या. आक्काच्या हातात ताट होतं, ते तसंच परत गेलं. मी बघितलं, पण मला काही वाटलं नाही. नियम तो नियम.

मग आठवडाभर आभाळ कोरडं ठणठणीत. मी रोज सकाळी विमान पुसायचो, बॅटरी बघायचो, कॅप्टनबरोबर पत्ते खेळायचो. आणि एका दुपारी बालाघाटाच्या डोंगरावर ढग आले. काळे, जड, बुडाशी सपाट. कॅप्टन पत्ते टाकून उठले. असेच ढग पाहिजे असतात, म्हणाले. विमान उडालं तेव्हा कुंपणाबाहेर अर्धं गाव उभं होतं.

अर्ध्या तासात विमान परत. एकही नळकांडं पेटलेलं नव्हतं. कॅप्टन खाली उतरले ते चेहरा पाडूनच.

"रेडिओ अल्टिमीटर गेला," ते म्हणाले. "ढगाखाली गेलो तर काटा नाचायला लागला. दोन हजार फूट, एकदम शून्य, परत दोन हजार. हवेत असताना यंत्र ओरडतंय की जमीन आली, वर चल."

हे यंत्र काय ते सांगायला हवं. विमानात उंची दाखवणारं एक नेहमीचं घड्याळ असतं, ते हवेच्या दाबावर चालतं आणि समुद्रापासूनची उंची सांगतं. आपल्या खाली डोंगर आहे की दरी, याचा त्याला पत्ता नसतो. रेडिओ अल्टिमीटरचं तसं नाही. विमानाच्या पोटावर शेजारी शेजारी दोन चौकोनी पत्रे असतात, तळहाताएवढे. एक खाली जमिनीकडे लहरी सोडतो, दुसरा जमिनीवर आपटून आलेल्या लहरी ऐकतो. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून खरीखुरी उंची कळते. ढगाच्या पोटाखाली, डोंगराला घासून उडायचं तर हे यंत्र लागतंच. कंपनीचा नियम साफ होता, हे यंत्र बंद तर ढगाखाली जायचं नाही. कॅप्टनना दोन मुलं होती, आणि तो नियम नसता तरी मी त्यांना जा म्हणालो नसतो.

कामाला लागलो. आधी टेस्टचं बटण दाबलं. दाबलं की यंत्र स्वतःची परीक्षा घेतं आणि काटा ठरलेल्या आकड्यावर येतो. आला. म्हणजे यंत्राची पेटी ठणठणीत असायला हवी. तरी रीत ती रीत. सोबत आणलेली दुसरी पेटी बसवली. इंजिन चालू करून, धावपट्टीवर फिरवून बघितलं. जमिनीवर काटा शून्यावर पाहिजे. तो कधी शून्य दाखवायचा, कधी ऐंशी फूट, कधी लाल पट्टी पडून बंद. पेटी बदलूनही तेच. म्हणजे पेटी निर्दोष. पहिली दुपार यात गेली. डोंगरावरचे ढग तांबूस झाले, मग काळे, आणि न पडताच विरले.

कुंपणाबाहेर आक्का उभी होती. बाकीच्या बायका घरी गेल्या तरी ती थांबली होती.

"काय झालं असंल रं?" तिनं विचारलंच.

"शोधतोय," मी म्हणालो. जरा तोडूनच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी वायरी. पेटीपासून पोटावरच्या पत्र्यांपर्यंत दोन जाड वायरी जातात. त्या फरशीखालून, खुर्च्यांच्या खालून वळणं घेत जातात, म्हणजे खुर्च्या काढा, फरशी उचला, गुडघ्यावर बसून हातभर वायर मोजा. एका जोडावर मला हिरवा गंज सापडला. काय आनंद झाला मला! बिघाड सापडला की माणसाला लॉटरी लागल्यासारखं होतं. जोड कापला, नवा भरला, फरशी बसवली, खुर्च्या बसवल्या. डोंगरावर दुपारचे ढग पुन्हा जमायला लागले होते. कॅप्टन हेल्मेट घेऊन तयार. इंजिन चालू. काटा शून्यावर आला, थरथरला, आणि ऐंशीवर गेला.

मी शिवी हासडली. कॅप्टननी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग मी विमानाखाली गेलो. पत्र्यांवर टॉर्च मारला. चीर नाही, खड्डा नाही, चिखल नाही. पांढरेशुभ्र. वायरींची अदलाबदल करून बघितली, ऐकणारा पत्रा बोलता केला आणि बोलणारा ऐकता. फरक नाही. एकाच वेळी दोन्ही पत्रे कसे बिघडतील? माझ्या वीस वर्षांत कधी झालं नव्हतं. म्हणून मी पत्रे सोडले आणि पुन्हा वायरीकडे वळलो. तिथे मी चुकलो असं कुणी म्हणेल तर म्हणो. सगळ्या रीती पाळूनच मी तिकडे गेलो होतो.

त्या दुपारचेही ढग गेले. जाताना धावपट्टीवर चार थेंब टाकून गेले. डांबरावर ते रुपयाएवढे उमटले आणि बघता बघता वाळले. धुळाजीमामा तिथे बसून त्या डागांकडे बघत राहिले. दोन दिवस मी बघत होतो, हा माणूस माझ्या आसपास घुटमळायचा आणि मी मान वर केली की उठून जायचा. मला वाटलं, पावसाची काळजी.

तिसऱ्या दिवशी हवामान खात्याचा निरोप आला की हे ढग आजचेच. उद्यापासून वारं पालटणार, त्यानंतर पंधरवडाभर तरी काही नाही. कॅप्टननी मला फक्त कागद दाखवला. सकाळपासून मी पुन्हा एकेक गोष्ट तपासत होतो. आक्का आज कुंपणाबाहेर नव्हती. दाजी सांगून गेले की ती तळ्यावर बसलीय, बायकांना घेऊन. तिथून डोंगरावरचे ढग सरळ दिसतात.

दुपारी दमून मी विमानाखाली आडवा झालो. खरंच दमलो होतो, डोळे मिटायलाच आडवा झालो होतो. डोळ्यांसमोर ते दोन पांढरे पत्रे. आणि मला एकदम जाणवलं की त्यांच्यावर काहीतरी नाही. काय नाही? अक्षरं नाहीत. अशा प्रत्येक पत्र्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं की याला रंग लावू नये. रंगाचा थर चढला की लहरी अडतात, फाकतात, भलतीकडेच जातात. दोन दिवस मी चिरा शोधत होतो, खड्डे शोधत होतो, आणि जे असायला पाहिजे ते आहे का, हे बघितलंच नव्हतं.

नखानं खरवडलं. पांढरा पापुद्रा निघाला. त्याखाली लाल. बोट नाकाशी नेलं. तेल आणि शेंदूर.

आपल्या गावातल्या मारुतीच्या देवळात शिरल्यावर जो वास येतो तो तीस कोटींच्या विमानाच्या पोटाला यावा, याला काय म्हणावं! मी असा ओरडलो की शेळ्या उधळल्या.

धुळाजीमामा आले. माझ्या लाल बोटाकडे बघितलं आणि तिथेच मटकन खाली बसले.

"कुणी लावला हा शेंदूर?"

"आक्काबायनं," ते म्हणाले. "पूजेच्या दुसऱ्या दिशी. तुमी आन् कॅप्टन जेवाया गेलतेत. बायका आल्या, म्हनल्या दोरीच्या भाईरून कुटं पूजा आसती का. मीच आत सोडलं. माजी बी चूक हाय."

"पण पोटाखाली कशाला शिरल्या? नाकाला टिळा लावायचा, चाकाला लावायचा."

"नाकालाच लावनार व्हत्या. आक्काबाय वाकून बगाय लागली तर खाली ह्ये दोन. म्हनली, आगं, ह्याचे टाक तर हितं हायेत. इमानवाल्यांनी पोटाला बांधलेत देव."

मी कपाळावर हात मारून घेतला. टाक म्हणजे देवघरातले चांदीचे पत्रे, चौकोनी, त्यावर खंडोबा, भवानी, वाडवडील उठवलेले असतात. आमच्या घरी कुठल्याही लांबच्या वाटेला निघाल्यावर ते फडक्यात बांधून पोटाशी घेतात. आक्का ऊसतोडीला जाताना पोलक्याच्या आत बांधून नेते. पोटाखाली शेजारी शेजारी दोन चौकोनी पत्रे दिसल्यावर तिला दुसरं काय वाटणार होतं?

"आणि हा पांढरा रंग?"

मामा सरकून विमानाच्या सावलीत आले. मग म्हणाले, "सांच्याला मी बगितलं तर लाल वघळ उतरलेलं. म्हनलं, कॅप्टन बगंल तर सगळ्यांना हाकलून दील. पुसावा तर कसा पुसू? लावलेला शेंदूर खरवडू न्हाई, पंडितराव. देवाच्या अंगावरचा शेंदूर आपल्या आपन गळंपतूर त्याला हात लावत न्हाईत. मंग दगडाचा रंग व्हताच. मिटवला न्हाई मी, नुसता झाकला."

"दोन दिवस मी इथं मरतोय. सांगितलं कावून न्हाई?"

"तुमी म्हनलात वायर हाय. म्हनलं आसंल वायर. आपल्याला काय कळतंय." त्यांचा आवाज फुटला. "आन् भ्यालतो."

मारायला हात उचलावा तर समोर बापाच्या वयाचा माणूस. आणि राग तरी कुणाचा करायचा? एकीनं देव म्हणून लावला, एकानं देव म्हणून खरवडला नाही. मला राग येत होता तो घड्याळाचा. दुपार कलायला लागली होती.

थिनर आणि लाकडी पट्टी घेऊन मी पाठीवर पडलो. पत्र्याला ओरखडा येता कामा नये, म्हणजे घाई करायची सोय नाही. पापुद्रे सुटायला लागले, वरून पांढरे, आतून लाल. शेंदूर तेलासकट पत्र्याच्या कडेला, फटीत शिरला होता, तो काडीनं काढावा लागला. धुळाजीमामांनी माझ्या डोक्याशी धोतराचा तुकडा धरला आणि पडेल तो प्रत्येक तुकडा त्यात झेलला. मी म्हणालो, टाका की तिकडे. त्यांनी मान हलवली.

"उतरवलेला शेंदूर वाहत्या पान्यात सोडावा लागतो."

"मग सोडा."

"कुटं सोडू?" मामा म्हणाले. "सिंदफना कोरडी हाय."

अक्षरं दिसायला लागली. रंग लावू नये. मी पेट्रोलच्या फडक्यानं शेवटचं पुसलं आणि कॅप्टनना हाक मारली. इंजिन चालू झालं. काटा शून्यावर आला आणि तिथेच थांबला. विमान पुढे-मागे फिरवलं, काटा हलला नाही. तीन दिवसांनी यंत्र खरं बोललं होतं. मला वाटलं, जमलं. अजून जमेल. मी मागच्या खुर्चीवर बसून स्वतः विमानात गेलो, पुन्हा काही झालं तर हाताशी असावं म्हणून.

वर गेलो. डोंगराकडे वळलो. आणि डोंगरावर काही नव्हतं. थोडी पांढरी धूसर वाफ होती, पिंजून टाकलेल्या कापसासारखी, ती आम्ही बघता बघता गेली. वारं एक दिवस आधीच पालटलं होतं. कॅप्टननी पूर्वेला शोधलं, तलवाड्यापर्यंत जाऊन आले, केजच्या दिशेनं गेले. आभाळ निळं, स्वच्छ, धुतल्यासारखं. अशा आभाळाचे लोक फोटो काढतात. मला त्याचा मनापासून तिटकारा आला.

परत येताना आम्ही आक्काच्या गावावरून आलो. यंत्रावर काटा स्थिर होता. अठराशे फूट. खाली पाझर तलाव दिसत होता, भेगा पडलेला, आणि त्याच्या मधोमध, जिथे पाणी असायला पाहिजे तिथे, बायका उभ्या होत्या. रंगीत लुगड्यांचा एक लहान पुंजका. विमानाचा आवाज ऐकून त्यांनी हात हलवले. त्यांना वाटलं, आम्ही ढगाकडे निघालोय. तलावाच्या कोरड्या तळापासून आम्ही बरोबर अठराशे फुटांवर होतो, यंत्रात आता फुटाचा फरक नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी कॅप्टनना दिसू नये म्हणून खिडकीकडे तोंड केलं.

आक्काला मी सांगितलं की वायरीचा जोड गंजला होता. खोटं नव्हतं ते. गंजला होताच. शेंदराचं बोलायचं नाही, अशी मी मामांना शपथ घातली.

करार दसऱ्यापर्यंतचा होता. मी रोज सकाळी टेस्टचं बटण दाबायचो, काटा ठरलेल्या आकड्यावर यायचा, आणि आम्ही आभाळाखाली खुर्च्या टाकून बसायचो. आभाळाला कुठलं आलंय बटण! कुंपणाबाहेर आता कुणी उभं राहत नव्हतं. एके दिवशी दाजी म्हशी घेऊन बाजाराच्या वाटेला लागलेले दिसले. त्यांच्यामागे आणखी दोघं, त्यांच्याही म्हशी. माझ्याकडे न बघताच ते गेले.

दसऱ्यानंतर ज्या सकाळी आमचं विमान परत निघायचं होतं, त्याच सकाळी मुकादमाचा ट्रक गाव भरून निघाला. धावपट्टीपाशी रस्ता वळतो तिथे तो थांबला. वर भांडी, गोधड्या, कोंबड्यांची खुराडी, लहान पोरं. एक दुधाचा कॅनही होता, पाणी भरायला घेतलेला. मागच्या फळीवरून आक्का खाली उतरली आणि दोरी ओलांडून सरळ आली. आज तिला कुणी अडवलं नाही.

"पंडित, धुळाजीमामाकडं पुडी हाय म्हनं."

मी मामांकडे बघितलं. ते पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. म्हाताऱ्याला ते ओझं पेललं नव्हतं, आणि मला त्यांचा राग आला नाही. मला कुणाला तरी सांगता आलं असतं तर मीही सांगितलंच असतं.

"आक्का, माझं ऐक," मी म्हणालो. "ते ढग पडलेच असते असं कुणीच सांगू शकत न्हाई. आमी धूर सोडतो, कधी पडतो, कधी न्हाई. पडला तरी धुरानं पडला का आपसूक पडला, ते मोठमोठ्यांना कळत न्हाई. तुझ्या शेंदरानं पाऊस गेला असं डोक्यात धरू नको. न्हाई बी पडला असता."

तिनं सगळं ऐकून घेतलं. लहानपणी मी शाळेतलं काहीतरी सांगायचो तेव्हा ऐकायची तसंच.

"न्हाई बी पडला असता," ती म्हणाली.

"तेच सांगतोय मी."

"पडला बी असता, पंडित."

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तपासायची, ही माझी सगळी विद्या. तो दिवस पुन्हा आणून, शेंदूर काढून, ढग डोंगरावर ठेवून कुणी तपासून बघावं? ते कळलं असतं तर तिला एकदाच काय ते रडून मोकळं होता आलं असतं. आता ती उसाच्या फडात प्रत्येक मोळी बांधताना ते मनात घोळवणार, आणि मी ते थांबवू शकत नव्हतो.

"ये हिकडं," मी म्हणालो. "नाकाला लाव शेंदूर. चाकाला लाव. मी जागा दाखवतो, तिथं लावला तर काय बी होत न्हाई. आज कॅप्टनला मी सांगतो."

विमान दोन पावलांवर होतं. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नगं बाबा. माज्या हाताला यश न्हाई."

मामांनी कमरेची पुडी सोडून तिच्या हातावर ठेवली. धोतराच्या तुकड्यात बांधलेली, तेलानं डागाळलेली. तिनं ती कपाळाला लावली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"आमी जातो तिकडं नदीला बारमाही पानी हाय," ती म्हणाली. "काठावरच खोप्या आसत्यात. उतरल्या उतरल्या सोडीन."

मुकादमानं हॉर्न वाजवला. दाजींनी वरून हात दिला आणि ती फळीवर चढून गोधड्यांवर बसली. ट्रक सुरू झाला तसं तिनं पुन्हा वाकून मला हाक मारली.

"पंडित! इमान नीट चालतंय ना आता?"

"चालतंय, आक्का."

"मंग बरं झालं," ती म्हणाली, आणि ट्रक वळणावरून गेला.